निवाडा कोणाचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ ज्याने पाहिलेला नाही त्याला तो समजावताना पंचाईत होते, कारण आपल्या ओळखीच्या बैठ्या खेळांच्या खुणा त्यात सापडत नाहीत. पट असलाच पाहिजे असं नाही. सोंगट्यांवाचून काही अडत नाही. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही आणि डाव एका बैठकीत संपतही नाही. तोच डाव वर्षानुवर्षं चालवणारी मंडळी आहेत. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग सांगतो: समोर दगडी दार आहे, दाराखालून पाणी झिरपतंय, आतून कुजका वास येतोय. बाकीचे एकेक पात्र चालवतात आणि आपलं पात्र आता काय करतं ते बोलून सांगतात. पुढे काय होईल याची खात्री नसेल तिथे फासे पडतात. त्यांतला वीस बाजूंचा फासा तर या खेळाची ओळखच झाला आहे.

एवढ्याशा मांडणीवर पन्नास वर्षं वाद चालू आहे. जुन्या घडणीचा खेळ चांगला की नव्या? गेल्या दहा वर्षांत या खेळाला जे अफाट यश मिळालं ते नव्या घडणीमुळे मिळालं, की त्या यशापायी खेळातलं काही गमावलं? या संग्रहातले लेख त्याच वादातून लिहिले गेले आहेत आणि त्यांचे लेखक एकमेकांशी सहमत नाहीत. मी दोन्ही तऱ्हांनी खेळतो, बहुतेक वेळा डीएमच्या खुर्चीत बसतो, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. हा वाद म्हणजे या खेळाची समीक्षा आहे. नाटकाला, कादंबरीला, चित्रपटाला समीक्षक मिळाले. टेबलावरच्या खेळाकडे विद्वानांनी फार काळ पाहिलंच नाही. मग त्याचं मर्म शोधण्याचं, त्याला शब्द देण्याचं काम खेळणाऱ्यांनीच केलं, आणि ते भांडत भांडत केलं. त्या भांडणाला हट्टी चाहत्यांचा गोंगाट म्हणून झटकून टाकणं मला मान्य नाही.

भांडणाचं मूळ खेळाहूनही जुनं आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने युद्धाचा एक सराव-खेळ प्रसिद्ध केला. नकाशा, सैन्याचे ठोकळे, फासे आणि कोष्टकं. दोन बाजूंचे अधिकारी आपापले हुकूम पंचाला देत आणि पंच कोष्टक बघून, फासा टाकून कोणाची किती हानी झाली ते सांगे. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो उपयोगी ठरला, पण हळूहळू कोष्टकांचं ओझं वाढलं आणि दोन मिनिटांच्या चकमकीचा हिशेब करायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जाऊ लागला. १८७६ मध्ये वेर्दी द्यू व्हेर्नवा या प्रशियन सेनानीने उलट टोक गाठलं: कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. काटेकोर खेळ विरुद्ध मोकळा खेळ हा वाद तेव्हापासूनचा. पंच चुकू शकतो, पक्षपात करू शकतो, म्हणून नियम हवेत. नियम सगळ्या प्रसंगांना पुरे पडत नाहीत, म्हणून पंच हवा. आजच्या वादात या दोन वाक्यांपलीकडे गेलेले युक्तिवाद थोडेच आहेत.

हे नुसतं साम्य असतं तर मी ते इथे आणलं नसतं; यात सरळ वंशावळ आहे. अमेरिकी सैन्यातल्या चार्ल्स टॉटनने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ नावाचं युद्धखेळाचं पुस्तक लिहिलं. ते मिनेसोटात डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागलं. खेळाडूने काहीही करायचा प्रयत्न करावा आणि त्याचं फलित पंचाने ठरवावं, ही त्यातली कल्पना त्याला भावली. १९६९ च्या सुमारास त्याने नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन या काल्पनिक गावावर एक खेळ रचला. त्यात सैन्यांच्या सेनापतींखेरीज गावातल्या माणसांच्या भूमिकाही खेळाडूंना दिल्या: कोणी महापौर, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलपती. लढाई बाजूलाच राहिली. खेळाडू कोपऱ्यांत जाऊन कारस्थानं करू लागले. वेस्लीला वाटलं खेळ फसला. खेळाडू मात्र पुन्हा कधी म्हणून विचारू लागले. त्या खेळाडूंतला डेव्ह आर्नेसन पुढे जाऊन ब्लॅकमूर नावाच्या गढीखालच्या भुयारांत आपल्या मित्रांना फिरवू लागला. तिकडे विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावात गॅरी गायगॅक्सने जेफ पेरनच्या जोडीने मध्ययुगीन लढायांचे ‘चेनमेल’ हे नियम १९७१ मध्ये काढले होते, त्यांत राक्षस आणि जादूगारही होते. आर्नेसनची मोकळीक आणि गायगॅक्सचा नियमांचा सोस एकत्र आला आणि १९७४ च्या सुरुवातीला डंजन्स अँड ड्रॅगन्स बाहेर पडला. लाकडी दिसणारं एक खोकं, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. म्हणजे पंच की नियम हे भांडण त्याच्या दोन जनकांच्या स्वभावातच होतं.

पहिल्या पुस्तिकांत पात्रांचे तीनच प्रकार होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपासक. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चौथा आला, चोर. वरवर पाहता ही एक साधी भर होती, पण जुन्या-नव्याचा सगळा वाद मला त्या चोरात दिसतो. त्याआधी भुयारात सापळा आहे का हे बघायचं तर खेळाडूला बोलावं लागे. मी दहा फुटी काठीने पुढची फरशी दाबतो. मी पखालीतलं पाणी जमिनीवर ओततो आणि ते कुठल्या फटीत मुरतं ते बघतो. डीएम त्यावर विचार करून सांगे की फट दिसली. चोर आला तो सापळे निकामी करण्याच्या, लपण्याच्या, भिंत चढण्याच्या टक्केवाऱ्या घेऊन. आता फासा टाकला की काम झालं. आणि ज्या क्षणी एका पात्राला ते काम टक्केवारीने येतं असं पुस्तकात छापलं गेलं, त्या क्षणी इतरांना ते येत नाही असाही अर्थ निघाला. काठी आणि पखाल हळूहळू सामानाच्या यादीत पडून राहिल्या. खेळाडूच्या अकलेची जागा पात्राच्या कौशल्याने घेतली, ती अशी.

यात वाईट काय, असं नव्या घडणीचे लोक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. घरात लाजरा असलेला माणूस खेळात वाक्‌चतुर दरबारी का होऊ शकू नये? जुन्या तऱ्हेत जो मोठ्याने आणि सुचेल तसं बोलतो, ज्याचं डीएमशी सूत जुळलेलं असतं, त्याचं पात्र तरतं. गप्प बसणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. नियम त्याच्या बाजूने उभे राहतात. माझ्या टेबलावर हे मी पाहिलं आहे: जो एरवी तोंड उघडत नाही, तो आपल्या पात्राच्या पत्रकावरच्या आकड्याच्या आधाराने राजासमोर बोलायला उभा राहतो आणि फासा चांगला पडला की त्याचा चेहरा बदलतो. हा नव्या घडणीचा मोठेपणा आहे आणि जुन्याचं कौतुक करताना तो विसरता कामा नये.

तरीही जुन्या खेळाची यंत्रणा बारकाईने पाहावी अशी आहे, कारण तिच्याबद्दल ऐकीव गोष्टीच जास्त पसरल्या आहेत. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेली १९८१ ची ‘बेसिक’ पुस्तिका घ्या. अवघी ६४ पानं. पहिल्या पायरीवरच्या जादूगाराकडे दिवसाला एकच मंत्र आणि प्राण चार बाजूंच्या फाशावर पडतील तेवढे, म्हणजे सहसा जास्तीत जास्त चार. प्राण शून्यावर आले की पात्र मेलं. हे वाचून आजचा खेळाडू म्हणतो, हा तर निव्वळ छळ. पण त्याच पुस्तिकेत आणखी काय लिहिलंय? एका गॉब्लिनला, म्हणजे बुटक्या राक्षसाला, मारलं तर वरच्या पायरीकडे नेणारे अनुभवाचे पाच गुण मिळतात, आणि भुयारातून सोन्याचं एक नाणं सुखरूप बाहेर आणलं तर एक गुण. म्हणजे शंभर नाण्यांची थैली गॉब्लिनला न उठवता पळवली तर वीस गॉब्लिन मारल्याचं फळ. शिवाय समोर आलेला प्राणी हल्लाच करेल असं नाही. दोन फासे टाकून त्याची वृत्ती ठरते, तो सावध असेल, गोंधळलेला असेल, कधी चक्क मैत्रीही करेल. लढाई बिघडू लागली की शत्रूचा धीर टिकतो का याचा फासा वेगळा. मशाल सहा फेऱ्यांत विझते, एक फेरी दहा मिनिटांची, आणि दर दोन फेऱ्यांनी कोणी भटकं श्वापद येतं का ते बघायचं. हे सगळे नियम एकत्र ठेवले की खेळाडूला एकच गोष्ट ऐकू येते: लढू नकोस, डोकं चालव, आणि रेंगाळू नकोस. चार प्राणांचा जादूगार या मांडणीत बरोबर बसतो. हेच नियम लढाईच्या खेळाला लावले तर मात्र ते क्रूर वाटतात, आणि जुन्या खेळावरची बरीच टीका त्या गैरसमजातून झालेली आहे.

वळण कुठे आलं? माझ्या मते ते १९८३ आणि १९८४ मध्ये आलं, म्हणजे आज ज्याला जुना काळ म्हणतात त्याच्या ऐन मध्यावर. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याच्या ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये खलनायकाला स्वतःचं दुःख, स्वतःचा भूतकाळ होता. पाठोपाठ ‘ड्रॅगनलान्स’ची साहसमालिका आली आणि सोबत मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्या. इथे कथा आधीच ठरलेली होती, नायक ठरलेले होते. एखादा महत्त्वाचा नायक मेलाच, तर त्याचा मृत्यू डीएमने संदिग्ध ठेवावा म्हणजे पुढे त्याला परत आणता येईल, अशी सूचनाच त्या साहसांत होती. ज्या खेळात भुयार उदासीन होतं त्यात आता कथेला नायकाची गरज पडू लागली. लोकांना ते हवंही होतं. पुढे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत प्राण शून्यावर आले की पात्र सहसा लगेच मरत नाही. वीस बाजूंच्या फाशावर तीनदा यश मिळवायच्या आत तीनदा अपयश आलं की ते जातं, आणि रात्रभर विश्रांती घेतली की प्राण पूर्ववत होतात. हिकमन दांपत्याने पेरलेलं तिथे नियमांत उगवलं. पात्रावर जीव लावा, त्याची कथा लांब चालणार आहे, असं ही आवृत्ती सांगते आणि ते काम ती उत्तम करते.

आता यशाबद्दल. नव्या घडणीमुळे खेळ घराघरांत पोचला हे विधान इतक्यांदा केलं जातं की ते तपासायची कोणाला गरज वाटत नाही. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, प्राण शून्य म्हणजे मृत्यू असा नियम असतानाच, हा खेळ अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानांत मांडलेला होता. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला, त्याचा संबंध वर्तमानपत्रांनी चुकीने या खेळाशी जोडला आणि त्या बदनामीनेच खेळाचं नाव देशभर झालं. १९८२ च्या स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’मध्ये मुलं स्वयंपाकघरातल्या टेबलावर असाच खेळ खेळताना दिसतात. १९८३ मध्ये फ्रँक मेंट्झरने नव्याने लिहिलेलं ‘बेसिक’ नियमांचं लाल खोकं आलं, त्याच वर्षी सीबीएस वाहिनीवर कार्टून मालिका सुरू झाली. ही सगळी लाट जुन्या घडणीवर आलेली होती. उलट २००८ ची चौथी आवृत्ती बघा. तिच्याइतकी नीट समतोल साधलेली, लढाईचं यंत्र म्हणून इतकी विचारपूर्वक बांधलेली आवृत्ती याआधी झाली नव्हती. चाहत्यांमध्ये फूट तिनेच पाडली, आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर उभा राहिलेला पायझो कंपनीचा ‘पाथफाइंडर’ तिचा प्रतिस्पर्धी होऊन बसला. घडण आणि खप यांचा सरळ संबंध लावणाऱ्याने या दोन गोष्टींचं उत्तर द्यायला हवं.

पाचव्या आवृत्तीच्या यशातला सर्वांत मोठा वाटा प्रेक्षकांचा आहे, असं मला वाटतं. मार्च २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमात आवाज देण्याचं काम करणारे व्यावसायिक कलाकार कॅमेऱ्यासमोर हा खेळ खेळू लागले आणि तासन्‌तास चालणारे ते भाग लोक कथामालिकेसारखे बघू लागले. २०१९ मध्ये त्यांनी आपल्या कथेवर ॲनिमेशन करण्यासाठी चाहत्यांकडे पैसे मागितले, तेव्हा एक कोटी दहा लाख डॉलरहून जास्त जमले. २०१६ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका आली. तिच्यातली मुलं १९८३ सालात हा खेळ खेळतात, म्हणजे जुन्या घडणीचाच. न खेळता बघण्याचा खेळ ही पन्नास वर्षांतली सर्वांत मोठी नवी गोष्ट आहे. तिचा परिणाम टेबलावर होतो, कारण बघून आलेला खेळाडू नाट्याची अपेक्षा घेऊन येतो आणि काठीने फरशी दाबत बसण्यात त्याला रस नसतो. अशा खेळाडूला कमी लेखणाऱ्या जुन्यांचा मला राग येतो. तो खेळाच्या ओढीनेच आला आहे, फक्त दुसऱ्या दारातून.

मात्र लाखो लोक खेळतात म्हणून नवी घडण श्रेष्ठ, हा युक्तिवाद मी कधीच स्वीकारणार नाही. त्याने चर्चा बंद पडते. १९७५ पासून लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे नियतकालिक काढत होत्या. त्यात खेळाडू आपली पानं छापून पाठवत आणि पुढच्या अंकात एकमेकांना उत्तरं देत. पात्र खेळायचं की कोडं सोडवायचं, कथा घडवायची की तिला घडू द्यायचं, डीएमने फासा लपवून टाकावा का, हे प्रश्न तिथे पहिल्यांदा नीट मांडले गेले. १९८० मध्ये ग्लेन ब्लॅकोने ‘डिफरंट वर्ल्ड्स’ मासिकात खेळण्याच्या चार वृत्ती सांगितल्या: सामर्थ्य जमवणारी, भूमिका जगणारी, डावपेच लढवणारी, कथा सांगणारी. यांतलं काही कोणी खपाच्या आकड्यांवरून शोधलेलं नाही. मतभेद होते, म्हणून ते सुचलं.

आणि या मतभेदांनी खेळ घडवला. २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर खेळाच्या प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने खुला परवाना दिला: मूळ नियम कोणीही वापरून आपला खेळ छापावा. हेतू नव्या आवृत्तीचा पसारा वाढवण्याचा होता. पण त्याच परवान्याचा आधार घेऊन २००६ मध्ये ‘ओस्रिक’ या खेळाने सत्तरच्या दशकाअखेरचे नियम नव्या शब्दांत मांडले, पाठोपाठ ‘लॅबिरिंथ लॉर्ड’ आणि ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’ आले. जुन्या घडणीचं पुनरुज्जीवन नव्या घडणीने दिलेल्या कायदेशीर जागेत झालं. ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’ लिहिणाऱ्या मॅट फिंच यांनी २००८ मध्ये एक छोटी विनामूल्य पुस्तिका काढली. नियमापेक्षा डीएमचा निवाडा मोलाचा का, हे तिच्याइतकं स्वच्छ कोणी मांडलेलं मी वाचलेलं नाही. २०१९ मधलं गॅव्हिन नॉर्मन यांचं ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ तर मोल्डवेचेच नियम घेऊन ते इतक्या स्वच्छ मांडणीत देतं की पुस्तकाची नेटकी रचना हा आधुनिक गुण जुन्यांनाही साधतो हे सिद्ध झालं. दुसऱ्या बाजूला, चौथ्या आवृत्तीच्या फुटीनंतर २०१२ पासून कंपनीने चाहत्यांकडून जाहीर चाचणी करून घेतली आणि पाचव्या आवृत्तीत बराचसा निवाडा पुन्हा डीएमच्या हाती दिला. ज्या आवृत्तीला जुने लोक आज नवी म्हणून नावं ठेवतात, तिच्या जडणघडणीत त्यांच्याच टीकेचा वाटा आहे.

जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तो खुला परवाना आवळायचं ठरवल्याचं उघड झालं, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक एकत्र उभे राहिले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे त्या महिन्यात एका सुरात बोलले. कंपनीला माघार घ्यावी लागली, आणि २७ जानेवारीला पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कायमचे खुले झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणकीय खेळ आला आणि ज्यांनी कधी टेबलावर फासा टाकला नव्हता तेही याच नियमांनी खेळू लागले.

मराठीतून खेळताना मला या वादाची आणखी एक बाजू दिसते. पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं खेळाडूंचं पुस्तक ३२० पानांचं आहे, २०२४ चं सुधारित ३८४ पानांचं, आणि ते इंग्रजी सराईतपणे वाचणाऱ्यालाच झेपतं. त्याउलट जुन्या तऱ्हेत खेळाडूला नियम माहीत नसले तरी चालतं. समोर काय दिसतंय ते डीएमने मराठीत सांगायचं, आपण काय करतो ते खेळाडूने मराठीत सांगायचं. आजी-आजोबांबरोबर, गावाकडच्या भावंडांबरोबर खेळायचं असेल तर माझी शिफारस निःसंकोच जुन्या घडणीची आहे. एकाच गटाने दोन-तीन वर्षं एकेका पात्राची कथा चालवायची असेल तर पाचवी आवृत्ती घ्या.

वाचकांना एक विनंती. हे लेख वाचण्याआधी किंवा वाचता वाचता, जी तऱ्हा तुम्हाला पटत नाही तिच्यात निदान एक भुयार पुरं खेळून बघा, आणि मग भांडा. आणि ज्यांना भाषांतराची हौस आहे त्यांच्यासाठी: खुले झालेले ते पायाभूत नियम मूळ श्रेय देऊन मराठीत आणायला, छापायला आणि विकायलाही आज कोणाची परवानगी मागावी लागत नाही.